लिनक्सचा डेस्कटॉप : हौस, इतिहास आणि काही अनुभव

१४ ऑक्टोबर या तारखेचे महत्त्व आपल्या घरात कोणास वेगळे सांगावे लागत नाही. २०२५ साली नेमक्या याच तारखेला विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारा नियमित आधार समाप्त झाला. हा निव्वळ योगायोग होय. इतिहासाच्या शिक्षकाने योगायोगातून अर्थ काढू नयेत. परंतु त्यानंतर आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांचे मला दूरध्वनी आले. प्रश्न बहुधा एकच होता: ‘सर, लॅपटॉप उत्तम चालतो, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही. भंगारात देऊन टाकू का?’ प्रत्येकास मी सांगितले की भंगारात देऊ नका, त्यावर लिनक्स बसवा. आणि नकोच असेल तर शाळेला द्या. त्या वेळी दूरध्वनीवर जे तुटक-तुटक सांगितले, ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

मी संगणकतज्ज्ञ नाही. माझा विषय इतिहास आणि लिनक्स ही माझी हौस. मात्र या कार्यप्रणालीचा जन्मच हौसेतून झालेला आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की आपण एक मुक्त कार्यप्रणाली रचत आहोत. ती केवळ हौस असून तिला फार मोठे व्यावसायिक रूप येणार नाही. हे भाकीत साफ खोटे ठरले. त्याच्याही आधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली होती. मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्ये त्यांनी सांगितली, आणि संगणकवाल्यांच्या रीतीप्रमाणे त्यांचे क्रमांक शून्यापासून लावले: ते हव्या त्या कामासाठी चालवणे, त्याची मूळ आज्ञावली वाचून तीत बदल करणे, प्रती इतरांस देणे, आणि आपण बदललेली प्रतही इतरांस देणे. १९९२ साली टोरवाल्ड्सने आपले काम स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणले आणि दोन प्रवाह एकत्र आले.

ज्ञान कुलपात कोणी ठेवायचे आणि दाराबाहेर कोणी उभे राहायचे, हा प्रश्न आपल्या समाजास नव्याने समजावून देण्याची आवश्यकता नाही. तथापि तुलना मी येथेच थांबवतो. एखाद्या परवान्याने माणसाची अवहेलना थांबत नाही, आणि आपल्या लढ्याची थोरवी सांगण्यास संगणकाच्या दाखल्याची गरज नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणक सुरू केल्यावर जो पडदा दिसतो, म्हणजे खालची पट्टी, चिन्हे, खिडक्या, पार्श्वचित्र, त्यास डेस्कटॉप म्हणतात. लिनक्समध्ये हा डेस्कटॉप गाभ्यापासून वेगळा असतो. घराचा पाया तोच ठेवून वरच्या खोल्या बदलाव्यात, तसा तो बदलता येतो. १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम असे दोन मोठे प्रकल्प सुरू झाले. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉपही त्याच काळातला. २०११ साली ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी मांडणी मोडून नवी आणली. अनेकांना ती रुचली नाही. तेव्हा अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुन्या ग्नोमची आज्ञावली घेऊन ‘माटे’ हा डेस्कटॉप पुढे चालवला. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीनंतर स्थविरवादी आणि महासांघिक असे दोन संघ झाल्याचे परंपरा सांगते. मतभेद झाला, पण बुद्धवचन कोणा एकाच्या मालकीचे झाले नाही. माटेची कथा वाचताना मला नेहमी हेच आठवते.

‘बोधी लिनक्स’ नावाचाही एक संच आहे. नाव वाचून मी हुरळून गेलो आणि त्याच रात्री तो बसवला. नंतर कळले की त्याच्या डेस्कटॉपचे नाव ‘मोक्ष’ आहे. बोधी आपली खरी, पण मोक्ष हा आपल्या शब्दकोशातील शब्द नव्हे! संच मात्र हलका आणि देखणा आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

जुन्या संगणकासाठी माझी शिफारस एक्सएफसीईची आहे. चार जीबी रॅम असेल तर तो सुखाने चालतो. दोन जीबीवरही चालतो, पण ब्राउझर उघडला की धापा टाकतो. पैसे खर्च करायचेच असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. त्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. यंत्र ६४ बिटचे आहे ना, हेही पाहून घ्यावे, कारण बहुतेक मोठ्या संचांनी ३२ बिटचा आधार सोडत आणला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बसवण्यापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. संगणकातील काहीही न पुसता ते तात्पुरते चालते. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रोजेक्टरवर चित्र उमटते का, एवढे तपासून मगच निर्णय घ्यावा.

मराठीविषयी मात्र मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण डेस्कटॉप आपला वाटण्याची सुरुवात रंगांपासून होत नाही, अक्षरांपासून होते. भाषेच्या मांडणीत मराठी निवडल्यास दिनदर्शिकेतील वार आणि महिने मराठीत येतात. नोटो किंवा लोहित यांसारख्या फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळण सोडून मराठी वळणाची दिसू लागतात. हा बदल पुष्कळांच्या लक्षातही येत नाही, परंतु पहिलीपासून जे अक्षर गिरवले तेच पडद्यावर पाहताना मला तरी बरे वाटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट विनामूल्य आहे आणि छोट्या आकारातही स्वच्छ वाचता येतो. नवा फॉन्ट आपल्या घर-फोल्डरातील फॉन्टांच्या जागी ठेवला की पुरे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. अक्षरांचा आकार इंग्रजीपेक्षा एक-दोन अंकांनी मोठा ठेवावा, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत मिसळतात.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट शिकावे, असा माझा आग्रह आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. पंधरा दिवस बोटे अडखळतात, नंतर वळतात. आमच्याकडे एकदा फलकावर सूचना लागली की ‘आचार्यांना रविवारी सुट्टी राहील’. अभिप्रेत होते स्वयंपाकघरातील आचारी! मुले आठवडाभर त्यांना आचार्य म्हणून हाक मारीत होती, आणि त्यांनाही ते आवडले असावे. ‘आचाऱ्यांना’ लिहायचे तर शिफ्ट दाबून ‘जे’, मग ‘डी’, मग तिरक्या रेघेची कळ. एवढ्या तीन कळांवर मान अवलंबून असतो.

एक इशारा येथेच देतो. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले जुने अहवाल आणि जुन्या स्मरणिका लिनक्सवर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात. दोष लिनक्सचा नाही. त्या फाइलींत मुळात मराठी अक्षरे साठवलेलीच नाहीत, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले आहेत. अशा कागदांच्या छापील प्रती जपून ठेवा.

आता आपल्या संगणक कक्षाविषयी. त्या दारावर अनेक वर्षे एक पाटी होती: ‘परवानगीशिवाय संगणकास हात लावू नये’. पाटीवरचे हस्ताक्षर माझे होते. देणगीतून आलेली यंत्रे, बिघडली तर दुरुस्तीला पैसा नाही, म्हणून ती लावली होती. कारण खोटे नव्हते. पण दर वर्षी २० मार्च १९२७चा महाडचा धडा शिकवून मी त्याच दारावरून जात असे, आणि ती पाटी मला कधी खटकली नाही. एका सायंकाळी कुलूप लावताना सहज नजर गेली आणि मी ते शब्द पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी पाटी काढली.

अर्थात पाटी काढल्याने यंत्रे सुरक्षित होत नाहीत. तजवीज करावी लागते, आणि लिनक्समध्ये ती सोपी आहे. प्रत्येक मुलास स्वतंत्र खाते द्यावे. डेस्कटॉपची सर्व सजावट ज्याच्या त्याच्या घर-फोल्डरात, टिंबाने सुरू होणाऱ्या नावांच्या फाइलींत साठते. एकाने केलेला गोंधळ दुसऱ्याच्या खात्यात शिरत नाही. प्रशासकाचा पासवर्ड मुलांना देऊ नये. सजावटीसाठी तो लागतही नाही. एखादी पायरी पासवर्ड मागू लागली, तर आपण सजावट सोडून पाया खणत आहोत असे समजावे आणि थांबावे.

पहिल्याच आठवड्यात सातवीच्या एका मुलीने खालची पट्टी संपूर्ण नाहीशी केली. ती रडवेली झाली होती. ऑल्ट आणि एफ-२ दाबून पट्टीच्या प्रोग्रॅमचे नाव लिहिले की ती परत येते. तेवढ्याने न भागल्यास खात्यातून बाहेर पडावे, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबून साध्या अक्षरी पडद्यावर यावे आणि ‘कॉन्फिग’ फोल्डरातील एक्सएफसीईच्या फोल्डराचे नाव बदलून ठेवावे. पुन्हा प्रवेश केल्यावर डेस्कटॉप कोरा करकरीत मिळतो, आणि जुना फोल्डर अभ्यासास हाताशी राहतो. हे एकदा तिला दाखवले. त्यानंतर कोणाचीही पट्टी हरवली की मुले माझ्याकडे येईनात, तिच्याकडे जाऊ लागली. या फाइली साध्या मजकुराच्या असतात; फाइल-व्यवस्थापकात कंट्रोल-एच दाबले की दिसतात, उघडून वाचता येतात. मूळ साधने वाचण्याची सवय लागलेल्या माझ्यासारख्याला हाच लिनक्सचा सर्वांत मोठा आनंद. नियम एकच ठेवला आहे: बदलण्यापूर्वी फाइलीची प्रत करावी आणि प्रतीच्या नावात तारीख घालावी.

मुलांनी केलेल्या सजावटी पाहण्यासारख्या आहेत. कोणी निळ्या पट्टीवर अशोकचक्र ठेवले, कोणी दीक्षाभूमीच्या स्तूपाचे स्वतः काढलेले चित्र. ‘कॉन्की’ हा छोटा प्रोग्रॅम पडद्याच्या कोपऱ्यात हवी ती माहिती दाखवतो. दहावीच्या एका मुलाने त्यात वंदनेची, अभ्यासाची आणि जेवणाची वेळ दाखवण्याची सोय केली. जेवणाची वेळ इतरांहून मोठ्या अक्षरांत आहे.

माझ्या हातून घडलेला प्रमाद सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. हौसेला मोल नसते म्हणतात. मी दर महिन्याला नवा संच बसवून पाहत असे. त्याच वर्षांत, १९५६च्या धम्मदीक्षेस नागपुरात प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या वृद्धांच्या मुलाखती मी ध्वनिमुद्रित करीत होतो. एकूण २७ मुद्रणे एका बाह्य डिस्कवर होती. त्यांची दुसरी प्रत नव्हती. एका रात्री नवा संच पेनड्राइव्हवर लिहिण्यासाठी ‘डीडी’ ही आज्ञा दिली आणि पेनड्राइव्हऐवजी त्या डिस्कचे अक्षर लिहिले. ही आज्ञा काहीही विचारत नाही. सांगितले तेथे लिहिते.

चूक ध्यानात येताच मी एक गोष्ट बरोबर केली: डिस्कवर पुढे काहीच लिहिले नाही. ‘फोटोरेक’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम फाइलींची यादी नष्ट झाली तरी त्यांच्या अंतर्गत खुणांवरून त्या शोधून काढतो; मिळालेल्या फाइली मात्र दुसऱ्या डिस्कवर घ्याव्या लागतात. तो रात्रभर आणि दुसरा सबंध दिवस चालला. २२ मुद्रणे मिळाली. पण नावे गेली, तारखा गेल्या. नावांच्या जागी नुसते आकडे उरले. प्रत्येक फाइल पुन्हा ऐकून आवाजावरून माणूस ओळखावा लागला. एक आजी सुरुवातीलाच विचारतात, ‘झालं का चालू?’, आणि मग पांढऱ्या लुगड्याची हकीकत सांगतात. त्यांना मी पहिल्या शब्दात ओळखले.

पाच मुद्रणे कायमची गेली. त्या पाचांपैकी तिघे आता हयात नाहीत. तिघांच्याही घरी मी स्वतः जाऊन हे सांगितले. एका घरी कोणी रागावले नाही. मुलाने एवढेच विचारले, ‘सर, थोडासुद्धा आवाज नाही का?’

तेव्हापासून कोणतीही डिस्क लिहिण्यापूर्वी मी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देतो. ती जोडलेल्या सर्व डिस्कांची नावे आणि आकार दाखवते. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणि ५०० जीबीची डिस्क यांची गल्लत मग होत नाही. बाह्य डिस्क तर आधी काढूनच ठेवतो. मुद्रणांच्या आता तीन प्रती आहेत, त्यांतील एक शाळेबाहेर.

लॅपटॉप देऊ इच्छिणाऱ्यांनी सोबत चार्जर अवश्य द्यावा आणि आपली कागदपत्रे व छायाचित्रे आधी काढून घ्यावीत. रविवारी दुपारी संगणक कक्ष उघडा असतो. आणि आलात तर कृपया दहा मिनिटे अधिक द्या. वाचलेल्या २२ मुद्रणांपैकी एका आवाजाची ओळख मला अद्याप पटलेली नाही. आवाज वयस्क पुरुषाचा आहे, बोलण्याला वऱ्हाडी वळण आहे, आणि मागे शिवणयंत्र चालू असल्याचे ऐकू येते. ते कोणाचे वडील किंवा आजोबा असतील, तर ऐकल्याबरोबर ओळखाल.