खिंड मोजावी की मुक्काम?

येत्या जुलैत बाबांना 10 दिवसांची रजा आहे. मोटारसायकलने लेहला जायचे ठरले आणि आखणीचे काम माझ्याकडे आले.

मी आधी मनालीचा रस्ता निवडला. मनाली सुमारे 2,050 मीटरवर, सर्चू सुमारे 4,290 मीटरवर, आणि दुसराच मुक्काम सर्चूला! चूक इथेच होती. उंचावरच्या हवेतही प्राणवायू 21 टक्केच असतो. पण हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये, असा नियम आहे. खिंड ओलांडून खाली उतरता येते; रात्र मात्र तिथेच काढायची असते.

नवी आखणी अशी: श्रीनगर, सोनमर्ग, झोजिला ओलांडून कारगिल, मग 4,108 मीटरची फोतुला पार करून सुमारे 3,500 मीटरवरचे लेह. तिथे दोन दिवस विश्रांती. रोज पहाटे निघायचे, कारण दुपारी बर्फ वितळून नाल्यांचे पाणी वाढते.

विश्रांतीपायी पँगाँग सरोवर सोडावे लागले. बाबा थोडे हिरमुसले.

शेवटचा नियम: डोके दुखले, मळमळले तर लगेच सांगायचे आणि आणखी वर जायचे नाही, त्रास वाढला तर खाली उतरायचे. दुखणे लपवायची आपल्याला कॅडेटांना सवय असते. बाबांनाही आहे. म्हणून या नियमाखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.