मजकुरावरच्या आकृत्या

कचेरीतील एखादी लांबलचक कार्यपद्धती, जी चार परिच्छेद वाचूनही सामान्य अर्जदाराच्या ध्यानात येत नाही, ती चौकटी, बाण आणि समभुज चौकोन यांच्या योगे एका पानावर मांडली असता चटकन उमगते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या ओघाचे तक्ते मांडले, आणि पुढे आयएसओ ५८०७ या १९८५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने क्रियेसाठी आयत, निर्णयासाठी समभुज चौकोन असे संकेत ठरवून दिले. परंतु वर्डमध्ये काढलेली आकृती ही बहुधा मजकुराचा भाग नसून मजकुरावर ठेवलेली स्वतंत्र वस्तू असते, आणि ही गोष्ट विसरल्याने केवढा घोटाळा होतो, ते मसुदे तपासण्याच्या कामावर असताना मी जवळून पाहिले आहे.

एका कार्यालयाने दाखल्यांच्या अर्जांची छाननी कशी करावी याविषयी परिपत्रक तयार केले व त्यात एक सुबक तक्ता घातला. मसुदा मंजूर झाल्यावर वरिष्ठांच्या शेऱ्यानुसार मध्येच एक परिच्छेद वाढविण्यात आला. त्यासरशी काही चौकटी खाली सरकल्या आणि काही बाण होते तेथेच राहिले. ‘कागदपत्रे पूर्ण आहेत काय?’ या प्रश्नापासून निघून ‘त्रुटी कळवा’ या चौकटीकडे जाणारा ‘नाही’चा बाण आता ‘दाखला द्या’ या चौकटीवर टेकला होता. मजकूर पुन्हा वाचला गेला, तक्ता मात्र कोणी पाहिला नाही, आणि नकला हाताखालच्या कार्यालयांकडे रवाना झाल्या. शुद्धिपत्रक यथावकाश निघाले. पण मधल्या काळात ज्या कारकुनांनी तो तक्ता प्रमाण मानून इमानाने काम केले, त्यांच्याकडूनच खुलासे मागविण्यात आले, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

याचे कारण असे की, वर्डमधील प्रत्येक तरंगती आकृती कोणत्या तरी परिच्छेदाला नांगरलेली असते, आणि एकाच तक्त्यातील आकृत्या निरनिराळ्या परिच्छेदांना नांगरल्या गेल्या की मजकूर वाढताच त्यांची फाटाफूट होते. म्हणून ‘इन्सर्ट’मधील ‘शेप्स’च्या यादीत तळाशी असलेला ‘ड्रॉइंग कॅनव्हास’ आधी घ्यावा, सर्व आकृत्या त्याच्या आतच काढाव्यात, बाणाची दोन्ही टोके चौकटींच्या कडेवरील बिंदूंना चिकटवावीत, म्हणजे चौकट हलविली तरी बाण तिच्याबरोबर जातो. आणि सबंध कॅनव्हासला ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ही मांडणी द्यावी, म्हणजे तो एखाद्या अक्षराप्रमाणे मजकुरासोबत सरकतो. पॉवरपॉइंटमध्ये कॅनव्हासाची गरज नाही; तेथे टोके चिकटविणे पुरेसे होते. चौकटीतील शब्द मात्र दोन्हीकडे चौकटीतच टंकावेत, वर निराळा टेक्स्ट बॉक्स ठेवू नये. रंगांवर तर मुळीच विसंबू नये, कारण मंजुरीचा हिरवा आणि नामंजुरीचा तांबडा झेरॉक्समध्ये सारखेच करडे दिसू शकतात.

याहून गंभीर गोष्ट काळ्या पट्टीची आहे. अर्जदाराचे नाव, आधार क्रमांक किंवा आजाराचा तपशील लपविण्यासाठी त्यावर काळा आयत ओढून पीडीएफ करण्याची चाल मी कित्येक ठिकाणी पाहिली. डोळ्यांना नाव दिसत नाही, पण ते पट्टीखाली जसेच्या तसे शाबूत असते. निवडून दुसरीकडे पेस्ट केले की उघड होते. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेतील पॉल मॅनफोर्ट यांच्या खटल्यात त्यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदातील काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर वार्ताहरांनी याच रीतीने वाचला. जेथे निष्णात वकिलांची ही गत, तेथे आपल्या दप्तरातील निराधार विधवेच्या अर्जाची काय कथा! ज्याने विश्वासाने आपली माहिती सरकारदरबारी दिली, त्याची ती अनामत आहे. म्हणून दस्तऐवज बाहेर पाठविणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, की नकलेतील मूळ अक्षरे आधी पुसून टाकावीत, त्या जागी ‘वगळले’ असे लिहावे, आणि पीडीएफ झाल्यावर ते नाव त्यात स्वतः शोधून पाहावे. सापडले, तर तो कागद जावकात जाऊ देऊ नये.