शेजार पाहून घर घ्यावे



मोपचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला आणि नोकरीधंद्यासाठी गोव्यात येणाऱ्यांना आपला पेडणे तालुका जवळचा झाला. समजा, आई गोमंतकीय, वडील आफ्रिकेतले आणि आठ वर्षांची मुलगी असे एक कुटुंब पेडण्यात किंवा डिचोलीत घर शोधत आहे. त्यांनी वाडा कसा निवडावा, याचा विचार आपण या पाठात करू.

नाना तऱ्हेचे लोक दिसणे आणि त्यांना सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरमल, मोरजीच्या किनाऱ्यावर अनेक देशांचे लोक दिसतात, पण हंगाम संपला की त्यांतले बरेच निघून जातात. पाहुण्याशी चार दिवस गोड बोलणे सोपे असते. बारा महिने राहणाऱ्याचे मूल आपल्या अंगणात खेळते का, ही खरी कसोटी.

आपल्याकडे एकत्र राहण्याची परंपरा जुनी आहे. डिचोली तालुक्यात नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे आणि डिचोली शहरात जुना नमाजगा आहे. शिरगावची लइराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असे गोव्यात मानतात. विवाहाची नागरी नोंदणी आणि कुटुंबविषयक कायदाही येथे सर्व धर्मीयांना बहुतांशी समान आहे. म्हणजे या कुटुंबाला कायद्याचा आधार आहे. पण शेजारधर्म कायद्याने शिकवता येत नाही.

याची कडू आठवणही आपण ठेवली पाहिजे. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस बार्देशातील पर्रा येथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला. त्यानंतर नायजेरियनांना घरे भाड्याने देऊ नयेत, अशी भाषा उघडपणे सुरू झाली. थोड्यांच्या वागण्याचा ठपका सर्वांवर बसला. त्यात निरपराध मुलेबाळे असलेली घरेही आली. आपलेही कितीतरी गोमंतकीय नैरोबी, मोझांबिकला पोटासाठी गेले होते. १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या आशियाई लोकांत गोमंतकीयही होते, हे आपण विसरू नये.

मग घर शोधताना काय पाहावे?

१. शाळा सुटण्याच्या वेळी वाड्यावर जावे. वेगवेगळ्या घरांतील मुले बालरथातून उतरल्यावर एकत्र खेळतात की आपापल्या घोळक्यात राहतात, ते पाहावे.

२. केवळ दलालाचे ऐकू नये. पूर्वी बाहेरून येऊन तेथे राहिलेल्या एखाद्या कुटुंबाला भेटावे. सणाला तुम्हाला बोलावतात का, आजारपणात कोण धावून आले, हे विचारावे.

३. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सारे कुटुंब घरमालकाला भेटावे. परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला देणे मालकावर बंधनकारक आहे. ती तो सहजपणे देतो की त्याचे निमित्त करून टाळतो, यावरून पुष्कळ कळते.

४. शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलावे. चिडवाचिडवी झाली तर शाळा काय करते, हे स्पष्ट विचारावे.

हा चौथा प्रश्न आमच्यासाठी आहे. उद्या ती मुलगी आपल्या वर्गात आली तर? तिच्या केसांना न विचारता हात लावणे, रंगावरून नाव ठेवणे, ‘तू खरी कुठली?’ असे रोज विचारणे, यांत मुलांना गंमत वाटते. ती मात्र घरी जाऊन रडेल, आणि आईवडील दुसरे गाव शोधू लागतील. आपल्या वर्गात रंगावरून पडलेली टोपणनावे आहेत, हे आम्ही शिक्षक जाणतो. तिकडे दुर्लक्ष झाले, हा दोष आमचाही आहे. विश्वस्त मंडळाने आणि पालकांनी यावर आमच्याशी बोलावे, अशी विनंती आहे.

स्वाध्याय : (१) तुमच्या वाड्यावर बाहेरून आलेल्या एका कुटुंबाशी घरच्यांसोबत जाऊन बोला. पहिल्या महिन्यात त्यांना कोणी मदत केली, ते दहा ओळींत लिहा. (२) वर्गात नवीन मूल आले तर पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल, ते लिहा.