हार्मोन बदलले की दुखणंही बदलतं?

प्रश्न : बायकांची सोसण्याची ताकद जास्त, असं आमची आजी म्हणायची. शास्त्र म्हणे उलटं सांगतं. मग हार्मोन घेऊन पुरुषाची स्त्री किंवा स्त्रीचा पुरुष होणाऱ्यांचं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : आजी सोसण्याबद्दल बोलत होती, प्रयोगशाळा दुखण्याबद्दल बोलते. तेवढाच चटका दिला, तरी ‘आता दुखतंय’ असं स्त्रिया सरासरीने लवकर सांगतात. अर्धशिशी वयात येण्याआधी मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखीच आढळते. पुढे ती बायकांत दोन-तीन पट होते. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घसरलं की अनेकींचं डोकं ठणकतं, ते उगाच नव्हे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. (‘होणारे’ऐवजी पारलिंगी म्हणू या, त्यांच्या लेखी ते आधीपासून तेच असतात.) इटलीतल्या सिएनाच्या संशोधक ॲना मारिया अलोइसी यांनी 2007 मध्ये अशा 73 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इस्ट्रोजेन आणि पुरुषी हार्मोन रोखणारी औषधं घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींना उपचारांच्या काळात चिवट दुखणी जडली. उलट टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेणाऱ्या पारलिंगी पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांनी जुनी दुखणी, विशेषतः डोकेदुखी, कमी झाल्याचं सांगितलं. माणसं थोडी होती, पण दिशा स्पष्ट होती.

कारणाचा एक धागा उंदरांत सापडला. नस दुखावल्यावर नर उंदरांच्या मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी वेदना तेवत ठेवतात. माद्यांमध्ये तेच काम बहुधा रक्तातल्या टी पेशी करतात. कॅनडातले संशोधक जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी हे 2015 मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांची वेदनाही नरांच्या वाटेने जाऊ लागली.

तरी सगळं हार्मोनवर ढकलता येणार नाही. 1991 मधल्या एका प्रयोगात बर्फाच्या पाण्यात हात घातलेल्या पुरुषांनी समोर स्त्री संशोधक असताना कमी दुखत असल्याचं सांगितलं. पुरुषासारखं वागायचं म्हणजे काय, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो, आणि ‘किती दुखतंय?’ याचं उत्तर देताना ते शिक्षणही बोलतं.

एक व्यवहाराची गोष्ट : हार्मोन घेणाऱ्या कुणाला नवी डोकेदुखी लागली, तर औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे लकाकणाऱ्या रेषा दिसत असतील तर आवर्जून. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनच्या गोळ्या पक्षाघाताचा धोका वाढवू शकतात.