निरुपयोगी वनस्पती आढळत नाही



वसतिगृहाचा प्रवेश अर्ज भरताना ‘पालकाचे नाव’ या रकान्यापाशी काही मुलांची लेखणी थबकते. कोणाचे आईवडील हयात नसतात, कोणी परक्या घरी वाढलेले असते, कोणाचे पालक ऊसतोडीसाठी दूर गेलेले असतात. घरचे दारिद्र्य आणि जातीवरून झालेली अवहेलना यांची त्यात भर पडली, की ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मूल मान खाली घालून देऊ लागते. हा प्रश्न जुना आहे. ताठ मानेने दिलेली त्याची उत्तरेही जुनी आहेत.

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा येते. राजगृहात या नवजात बालकाला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकण्यात आले. भोवती कावळे जमले. तेथून जाणाऱ्या अभय राजकुमाराने ते जिवंत आहे काय, असे विचारले. जिवंत आहे, म्हणून ‘जीवक’ हे नाव पडले. मोठेपणी त्याने आईवडिलांविषयी विचारले, तेव्हा अभयाने सांगितले की, तुझी आई मला ठाऊक नाही. पण मी तुला वाढविले, म्हणून मीच तुझा पिता. जीवक आश्रयावर विसंबून राहिला नाही. तक्षशिलेला जाऊन तो सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी आचार्यांनी त्याला योजनभर परिसरातून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. तो रिकाम्या हातांनी परतला आणि उत्तीर्ण झाला! पुढे बिंबिसार राजावर आणि प्रत्यक्ष तथागतांवर त्याने उपचार केले.

१९२६ साली जन्मलेले कवी नारायण सुर्वे हेही मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने व त्यांच्या पत्नी काशीबाई यांनी त्यांना पदरात घेतले, आपले नाव दिले, शाळेत घातले. नारायणरावांनी पुढे हमाली केली, शाळेत शिपायाचे काम केले आणि शिकून ते शिक्षक झाले. १९९५ साली आपल्या मराठवाड्यात, परभणीला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. टाकून दिले जाण्याची लाज मुलाची नसते, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.

बाबासाहेबांची आई त्यांच्या बालपणीच गेली. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या या शहरात महाविद्यालय उभारले. मिलिंद हे त्याचे नाव ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथाची आठवण देते. त्यात राजा मिलिंद भदंत नागसेनांना त्यांचे नाव विचारतो. नागसेन सांगतात की, नाव ही केवळ व्यवहाराची सोय आहे. जातही जन्माबरोबर चिकटविलेले एक नावच आहे. ते मनावर कोरून घेण्याचे कारण नाही.

या चरित्रांचा अर्थ ‘कष्ट करा, म्हणजे किंमत मिळेल’ एवढाच घेऊ नये. उकिरड्यावरील जीवकाची किंमत वैद्य जीवकाहून कमी नव्हती. विद्येने ती प्रकट केली इतकेच. शिवाय प्रत्येक वेळी कोणीतरी थांबले होते: एक राजकुमार, एक गिरणी कामगार, एक आत्या. आपल्या शाळेने हेच थांबण्याचे काम करावयाचे आहे. एखादे मूल आम्हाला निरुपयोगी वाटले, तर उणीव मुलात नसून आम्हा शिक्षकांच्या अभ्यासात आहे, असे समजावे.

आणि मित्रहो, तो रकाना भरताना ज्याने तुम्हाला वाढविले, त्याचे नाव ठळक अक्षरांत लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!