हाडाची शिकवण

खुर्ची ही नित्याच्या वापरातील वस्तू. सुतार लाकूड निवडतो, रंध्याने गुळगुळीत करतो, सांधे जुळवितो आणि खुर्ची उभी राहते. तिचे पाय बहुधा सारख्याच जाडीचे असतात. परंतु तिच्या सर्व भागांवर पडणारा भार सारखा नसतो. जेथे भार थोडा, तेथील लाकूड व्यर्थ ओझे होऊन बसते. हे ओझे कसे टाळावे? या प्रश्नाचे उत्तर नेदरलँड्समधील योरिस लार्मान या कलावंताने २००६ साली एका आगळ्या खुर्चीच्या रूपाने दिले.

या खुर्चीचा गुरू म्हणजे शरीरातील हाड. वरवर पाहता हाड दगडासारखे निर्जीव भासते. वस्तुतः ते सजीव असून आयुष्यभर घडत व झिजत असते. जेथे ताण पडतो तेथे ते बळकट होते. जेथे पडत नाही तेथील द्रव्य शरीर काढून घेते. अंतराळात महिनोन्‌महिने राहणाऱ्यांच्या पायांना देहाचा भार पेलावा लागत नाही. म्हणून त्यांची हाडे विरळ होऊ लागतात. झाडाची रीत निराळी. जेथे बळ हवे तेथे ते नवे लाकूड वाढविते. मात्र एकदा वाढलेले लाकूड त्याला परत घेता येत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांनी वृक्ष व हाडे यांच्या वाढीचे हे नियम गणिताच्या भाषेत मांडले. मोटारीचे भाग हलके करण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ लागला. लार्मान यांनी तीच रीत खुर्चीला लावली. माणूस कोठे बसेल, कोठे पाठ टेकेल, एवढे संगणकाला सांगण्यात आले. संगणकाने भाराचे गणित केले व अनावश्यक द्रव्य वगळले. पुन्हा गणित केले, पुन्हा वगळले. शेवटी उरली ती फांद्यांसारख्या पायांची खुर्ची!

असा आकार कोरून काढणे अवघड. म्हणून त्रिमितीय मुद्रणयंत्राने थरावर थर रचून साचा केला आणि त्यात वितळलेले ॲल्युमिनियम ओतले. तरीही काम संपले नव्हते. तो खडबडीत धातू माणसांच्या हातांनी घासून उजळला. अशा केवळ १२ खुर्च्या घडविण्यात आल्या.

पुढे लार्मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून मोठे धाडस केले. चार यंत्रहातांनी सहा महिने वितळलेल्या पोलादाचे थर जोडून सुमारे १२ मीटर लांबीचा पूल घडविला. मात्र यंत्राने केला म्हणून तो डोळे झाकून स्वीकारला गेला नाही. अभियंत्यांनी त्याच्यावर भार ठेवून कसून परीक्षा घेतली. मगच जुलै २०२१ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील कालव्यावर तो लोकांसाठी खुला झाला. ठरलेली मुदत संपल्यावर २०२३ मध्ये तो काढण्यात आला.

मग कारागिराची गरज सरली काय? संगणकाने कोठे द्रव्य नको ते दाखविले. परंतु काय घडवायचे हे माणसाने ठरविले, घडलेले तपासले माणसाने आणि उजळले तेही माणसानेच. साधने नवी आली, तरी डोळस कारागिरी जुनीच राहिली.

स्वाध्याय

१. हाड व झाड यांच्या वाढीतील फरक सांगा.
२. पुलाची परीक्षा घेणे का आवश्यक होते?
३. घरातील एखादी वस्तू पाहा. तिच्या कोणत्या भागावर अधिक भार पडतो, ते लिहा.