रक्ताच्या रिपोर्टातले लॅटिन

रक्ताच्या रिपोर्टावर सोडियमसमोर ‘एन-ए’ आणि पोटॅशियमसमोर ‘के’ पाहून पुष्कळजण बुचकळ्यात पडतात. नावात नसलेली अक्षरे खुणेत आली कुठून? स्वीडनचे शास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१३-१४ मध्ये मूलद्रव्यांना लॅटिन नावांवरून खुणा दिल्या. सोने ‘ऑरम’, म्हणून ‘ए-यू’. शिसे ‘प्लंबम’, म्हणून ‘पी-बी’. (रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करीत, त्यावरूनच आपला प्लंबर!) चांदीचे ‘अर्जेंटम’ तर आपल्या ‘रजत’ आणि ‘अर्जुन’ या शब्दांचे सगोत्र.

सोडियमचे ‘नेट्रियम’ आणि पोटॅशियमचे ‘केलियम’ ही नावे मात्र वेषाने लॅटिन असली, तरी आली अरबी मुलखातून. ‘नत्रून’ म्हणजे इजिप्तच्या सरोवरांकाठचा खार; शब्दाचे मूळही प्राचीन इजिप्तचेच. ‘अल्-कली’ म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख. आपला सज्जीखारही अशाच राखेचा. गंमत म्हणजे या राखेत मुख्यतः सोडियमचा खार असतो, पण नाव गेले पोटॅशियमकडे! युरोपात दोन्ही खारांतला भेद अठराव्या शतकात पक्का झाला आणि १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने दोन्ही धातू मिळवले. आयुर्वेद मात्र सज्जीखार आणि जवाच्या राखेचा यवक्षार पूर्वीपासून वेगळे मानतो. यवक्षारात मुख्यतः पोटॅशियम असते.

हा भेद आज स्वयंपाकघरात जपावा लागतो. ‘लो सोडियम’ मिठात ‘एन-ए’चा काही भाग काढून ‘के’ घातलेला असतो. रक्तदाबाला ते उपकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये घरच्या वापरासाठी त्याची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना वगळून. रक्तात सोडियम साधारण १३५ ते १४५ असते, पोटॅशियम जेमतेम ३.५ ते ५. दुबळे मूत्रपिंड जास्तीचा ‘के’ बाहेर टाकू शकत नाही. तो साचला की हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी हृदय थांबते. लोसार्टान, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकते. शुऐब्याच्या कारखान्यांत उन्हात राबणाऱ्यांच्या घामातून जातो तो मुख्यतः ‘एन-ए’. रक्तदाब नसेल तर त्यांच्या ताकात साधे मीठच बरे.

घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर मीठ बरणीत ओतण्यापूर्वी पाकिटावर ‘पोटॅशियम क्लोराईड’ लिहिले आहे का, ते पाहावे.